तळाचे शिंपले

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि चहाच्या किटलीकडे कान लावून बसलेले माझे सहकारी,

सर्वांनी ताईंच्या स्वभावाचं कौतुक केलं. मी कामाचं बोलतो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. शिंपले ओळखायला एकटा शिकलो आणि ताईंनाही मीच शिकवलं. तेवढा अधिकार मला आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. खोल समुद्राच्या तळाचा गाळ धुऊन त्यातले वाळूच्या कणाएवढे शिंपले आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने वेचतो. काही जीव तळाशीच जगलेले, काही वर उन्हात जगून मेल्यावर खाली पडलेले. तळाचे शिंपले तळाच्या पाण्याची ऊब सांगतात. हिमयुगात त्याच पाण्याने कर्बवायू पोटात दाबून ठेवला होता; तो सुटला तेव्हा बर्फ वितळायला हातभार लागला. आज आपली उष्णता तेच पाणी गिळतंय. परत कधी ओकेल? ते या शिंपल्यांना विचारायचं.

ताईंच्या वेचणीतून हिमयुगातला तळ कोमट निघाला. प्रयोगशाळेचे साहेब खूश, नवा शोध म्हणाले. शिल्लक राहिलेली एक ताटली मी तपासली, तर वरचे आणि तळाचे शिंपले एकत्र. शोध लागला नव्हता; ताईंचे डोळे गेले होते.

दरवर्षीच्या डोळ्यांच्या तपासणीत त्या तक्त्यावरची अक्षरं पाठ म्हणायच्या. यंदा डॉक्टरांनी तक्ता बदलला, ताईंनी जुनाच म्हणून दाखवला. हसा, हरकत नाही. यजमानांना मात्र हे आत्ताच कळतंय.

काल ताई माझ्या टेबलाशी आल्या. "दादा, उद्या हे काढू नका. मी गेल्यावर काय फेकायचं ते फेका." कधीपासून दिसत नाही, मी विचारलं. आठवत नाही म्हणाल्या.

ताई, ऊब मोजताना शिंपले आम्लात विरघळून जातात, गाळही संपला. पुन्हा तपासायची सोय नाही. डोळे शाबूत होते तोवरचं काम राहील, पुढचं जाईल. ती सीमा तुम्हालाच ठाऊक. नाही सांगितलीत, तर तुमच्या सगळ्या नोकरीचं वेचणं रद्द होईल, आणि त्यावर काट मी मारीन. शंकेचा एक शिंपलाही मी ठेवणार नाही.

आता ताई सत्काराला उत्तर देतील. आमचे आभार मानू नका. तेवढं वर्ष सांगा.

संयोजकांचा ऋणी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर सभागृहाने पोटात घालावं.

या, ताई. डाव्या हाताला पायरी आहे.