पट्टी नव्व्याण्णववर

— मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आमच्या साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलंय. ज्याच्या डोक्यात जे काय आहे ते सगळं त्यात भरायचं. म्हणजे माणूस गेला तरी डोकं कंपनीत राहतं.

— साहेबांचं भरून झालं?

— अर्ध्या पानात आटपलं. खरा साठा मिस्त्रीकाकांकडे. खोकी चिकटवायची मशीनं तीस वर्षं तेच सांभाळतायत. एकेका प्रश्नाचं उत्तर ते सांगणार, मी टाइप करणार. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी आहे. ती शंभर टक्के भरली की काका घरी आणि मी पर्मनंट.

— हे काकांना माहितीये?

— साहेबांनीच सांगितलं, बक्षीस दिल्यासारखं.

— मग ते कशाला तोंड उघडतील?

— अगं, बंदच करत नव्हते. पट्टीची खोड त्यांनी दोन दिवसांत ओळखली. प्रश्न वाढले की टक्के घसरतात. मग रोज एक उत्तर द्यायचे आणि एक नवा प्रश्न घालायचे. दमट हवेत गोंद का रुसतो? दोन नंबरचं मशीन सोमवारीच का कुरकुरतं? तीन महिने पट्टी नव्वदीच्या पुढे हलेना.

— आणि साहेब?

— खूश. वरच्यांना सांगत सुटले, आमचं ज्ञान वाढतंय.

— म्हातारा पोचलेला आहे.

— साहेब पण शेवटी जागे झाले ना. पंधरा दिवसांपूर्वी नवे प्रश्न घालणंच बंद केलं. आज एकच उरला. तीन नंबरचं मशीन अडकलं तर काय करायचं? ते अडकलं की सगळा माल थांबतो, आणि सुटतं फक्त काकांच्या हातून.

— सांगितलं मग त्यांनी?

— हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "लिही पोरी." आणि स्वतःचा फोन नंबर सांगितला.

— बस?

— बस. दहा आकडे. "झालं तुझं काम," म्हणाले, आणि डबा धुवायला गेले. सॉफ्टवेअरला काय, रकाना भरल्याशी मतलब. मी बटण दाबलं की शंभर. उत्तर अपुरं म्हणून परत पाठवलं तर नव्व्याण्णव. काका राहतात, मी आहे तिथेच लटकते.

— साहेब कधी बघणार?

— पाचला.

— पाचला दहा कमी आहेत, बये.

— म्हणून तर जिन्यात उभी राहून तुला फोन लावलाय. सांग ना, तू काय केलं असतंस?