समोरच्या दाराची बेल

पावाचे गोळे एकदा फुगले की ते कुणासाठी थांबत नाहीत बघा. देवळाली कॅम्पमधल्या एका मॅडमकडे पार्टी होती आणि डिनर रोल्सची माझी ती पहिलीच ऑर्डर. ओव्हन तापत आला आणि आमच्या फेजची लाइट गेली. वायरमन फोनवर म्हणाला, "संध्याकाळ होईल, ताई." तोवर गोळे आंबून बसले असते. समोरच्या नीलिमाकडे लाइट होती, ओव्हनही होता. पण चपलांच्या रॅकवरून आमचं भांडण झालेलं आणि वर्षभर बोलणं बंद.

शेवटी ट्रे घेऊन मी तिची बेल वाजवली. तिने दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

"किती डिग्री?"

"एकशे ऐंशी."

ओव्हन तापला, पण माझा ट्रे काही आत मावेना. तिने स्वतःचा ट्रे काढला. गोळ्यांखाली बटर पेपर होता.

"तू तिकडून धर," ती म्हणाली. "धक्का लागला तर सगळे बसतील."

दोघींनी मिळून कागद उचलला. अलगद तिच्या ट्रेवर ठेवला.

एकही गोळा बसला नाही. तिने ट्रे आत सरकवला. रोल्स कापसासारखे मऊ निघाले. मी एक तिच्यापुढे धरला.

"ऑर्डरचे मोजलेले असतील, राहू दे," ती म्हणाली. "ट्रेसकटच घेऊन जा. फक्त परत देताना रिकामा आणू नकोस."