होडी जाळणारी माणसं

— नाही नाही, खुर्चीवर बसा गुरुजी, चटई राहू दे. मी गुरुजी म्हणतो त्याचं हसू येतंय ना? मलाही येतं. आठवी ब, सुतारकामाचा तास — मी पाट करायला दिला होता तर तुमचा असा डुगडुगायचा की तुमच्या आईने त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवून दिली. तीच सांगत होती शाळेत येऊन. बरं, ते असो. पितृपक्षाच्या आत व्हायला हवं म्हणता. यादी वाचली मी. पळसाचे तीनशे साठ देठ, डोक्याच्या जागी नारळ — देठांची काळजी नको, आमचा शिपाई काशीराम आरे कॉलनीतल्या पाड्यावरचा, तो हवे तेवढे आणून देईल. देह मिळाला नाही तर पळसाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. पटतं मला. खरंच पटतं. माझी हरकत नाहीच. थांबायचं म्हणते ती कुंदा.

ती आत्ता पोस्टात गेलीय. रोज जाते तिची शाळा सुटली की. नंदूचं पत्र आलं का विचारायला — असं बघू नका, डोक्यावर परिणाम वगैरे काही झालेला नाही तिच्या. मुलगा गेला हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. वादळात डेकवरून लाटेने नेला, फेब्रुवारीत, सात महिने होतील. ती तार तिनेच वाचली, मला वाचून दाखवली. यंदा गणपती आणायचा नाही हेही तिनेच सांगितलं सगळ्यांना. पण बोटीवरची पत्रं कुठे कुठे फिरतात हो — मागच्या वर्षी मस्कतहून टाकलेलं चार महिन्यांनी मुलुंडला पोचलं. ती मला एवढंच म्हणते, की तुम्ही त्याला पत्र लिहिलं होतंत ना, मग त्याने उत्तर टाकलंच असणार. कुणाचं पत्र तसंच ठेवायचा नाही तो. ते येऊ दे. त्याचं बोलणं पुरं होऊ दे, मग द्या अग्नी. तुम्ही बोलाल? तुमच्या पोथीत असेल काही तर सांगा.

हे बघा, हे त्याचं शेवटचं — म्हणजे आमच्याजवळ आहे त्यातलं शेवटचं. इंग्लंडच्याही वर, पार उत्तरेला, शेटलँड म्हणून बेटं आहेत. इंजिन बिघडलं म्हणून बोट तिथे महिनाभर अडकली होती. जानेवारीचा महिना, दुपारी तीनला अंधार, आणि त्यात तिथे एक उत्सव. गावातले पुरुष — मासेवाले, खाटीक, बँकेतले कारकून — जुन्या काळच्या समुद्रावरच्या लुटारूंचा वेष करतात. शिरस्त्राणं, ढाली, कुऱ्हाडी. दाढ्या वर्षभर वाढवतात म्हणे. आणि एक होडी बांधतात. खरी, तीस फूट लांब, पुढे राक्षसी तोंड कोरलेलं. गावातलेच सुतार नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी जमतात, चार महिने खपतात, रंगरंगोटी करतात. ती होडी पाण्यात जातच नाही गुरुजी. रस्त्यावरून ओढत नेतात, हजारभर मशाली, आणि मैदानात नेऊन सगळ्यांनी मशाली तिच्यात फेकायच्या. जळते तोवर गाणं म्हणतात. मग रात्रभर घरोघर मटणाचं सूप आणि नाच. नंदूने लिहिलंय — नाना, मी एका सुताराला विचारलं, वाईट नाही वाटत? तर तो म्हणाला, वाईट कसलं, पुढच्या वर्षी मी आणखी चांगली बांधीन. खाली लिहिलंय, तुम्ही असतात तर त्याच्याशी भांडला असतात. भांडलोच असतो! लाकूड कुठलं वापरतात ते लिहायचं राहिलंय त्याने. मी विचारायला हवं होतं. ते विचारलं असतं तरी —

मोजताय काय? पंधराच पानं आहेत. सोळावं माझ्या कपाटात आहे. कुंदाने नाही पाहिलेलं. त्यात काही नाही विशेष, सहा-सात ओळी. मला आता बोटीवर राहायचं नाही, इथूनच उतरतो म्हणतो, साकीनाक्याला एखाद्या वर्कशॉपमध्ये लागेन, मिळेल ते चालेल, आईला सांगू का? मला विचारलंय हं, तिला नाही. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती ये. म्हणून मी सांगितलं नाही. मी लिहिलं, हातात घेतलेलं काम अर्धवट टाकू नये, करार पुरा कर आणि मग ये. तीन ओळी. चांगल्या अक्षरात. वीस वर्षं पाट अर्धा ठेवून पळणाऱ्या पोरांना हेच सांगत आलो ना — तुम्हालाही सांगितलं असेल. असेल ना? मग.

चहा ठेवू का? नको? बरं.

नाही, त्याचं उत्तर आलं. नऊ मार्चला आलं. तार येऊन अकरा दिवस झाले होते. कुंदा शाळेत होती, आमची मुलगी उत्तरा तिच्या सासरी. पाकिटावर त्याचं अक्षर, इंग्लंडच्या राणीचं तिकीट. पातळ होतं — एक पान, फार तर दोन. आमच्याकडे अजून बंबच आहे, मी वर्कशॉपमधल्या ढलप्या आणतो त्यात घालायला. बंब पेटलेला होता. मी पाकीट घेऊन तिथे पाटावर बसलो. शिव्या घातल्या असत्या तर वाचता आल्या असत्या मला. पण 'बरं नाना, पुरं करतो' एवढंच असलं तर? फोडल्याशिवाय कसं कळणार, आणि फोडल्यावर कळून काय करणार. मग घातलं. ढलप्यांवर पडलं की कागद लगेच धरतो. मग त्याच पाण्याने आंघोळ केली आणि शाळेत गेलो. दोन तास होते त्या दिवशी.

कुणाला बोललो नव्हतो. तुम्हालाही सांगायचं नव्हतं.

विचारायचं होतं ते वेगळंच. विधीत अग्नी बापानेच द्यायचा ना? मग मी एकदा दिलाय. आता परत देता येतो का? तसं काही लिहिलेलं — नसेल. असू दे. आणि ती तर थांबणार. पुढच्या पितृपक्षापर्यंत थांबेल, त्याच्या पुढच्या, तिला थांबता येतं. मी सांगितल्याशिवाय ती काही — श्रीपाद, तू सांगशील तिला? म्हणजे तुम्ही. नको. नको, काही सांगू नका. मी पाया पडतो हवं तर.

जिन्यावर आली बघा. तिसऱ्या पायरीवर थांबते ती, दम लागतो. ती यादी इथेच ठेवा. तुम्ही निघा आता, चपला पलीकडे आहेत — काही बोलू नका, नमस्कार करा नि जा.

अगं, गुरुजी होते, निघालेच ते. बस, पाणी देतो. काय म्हणाले पोस्टात?