अर्धा इंच

— नाही नाही, पँट तिथंच राहू दे, घडी घालू नकोस, आणि तूही उभा राहू नकोस, त्या स्टुलावर बस — त्यावर नको, त्याचा पाय मोडलाय, मुद्दाम ठेवलाय, घाईतल्या गिऱ्हाइकासाठी — या इकडच्या. बस. काय म्हणालास? दोन मिनिटांचं काम, नुसती कंबर आत घ्यायची? दोन मिनिटांचंच आहे रे, पण ही दुकानातली तयार पँट, माझ्या हातची नाही, हिच्यावरून मला काय कळणार? कदाचित पहिल्यापासूनच ढगळ असेल. टेप लावला, आजचं माप कळलं, आता जुनं बघितल्याशिवाय मी उसवणी हातात धरत नाही. आणि जुनं माप आहे ढगात. हसू नकोस. सूनबाईनं ठेवलंय. वाळवीनं माझ्या दोन वह्या फस्त केल्या — अर्ध्या गावाच्या छात्या-कंबरा खल्लास — तेव्हा तिनं उरलेल्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढले आणि चढवले वर. म्हणाली, ‘बाबा, आता जगबुडी झाली तरी मापं शाबूत.’ शाबूत आहेत गं बाई, पण खाली उतरायला तयार नाहीत! हे बघ, गोल गोल फिरतंय. माझ्या यंत्राचं चाक एवढं फिरलं असतं तर तुझे दोन शर्ट झाले असते.

नेटवाली येऊन गेली परवा, गळ्यात ओळखपत्राची फीत, चेहरा असा की मीच तार कुरतडली. म्हणाली, ‘आजोबा, फोटो अवाढव्य आहेत, लहान करते, पटापट उघडतील.’ एक करून दाखवला. उघडला की टपकन! पण मी अर्धा लिहितो दोन उभ्या रेघांनी आणि पाव एका रेघेनं — चौथीपर्यंतचं शिक्षण, तेवढंच पुरलं जन्माला — तर त्या दोन रेघा चिकटून एक झालेल्या. अर्ध्याचा पाव! म्हटलं, नको बाई, मोठेच असू देत, सावकाश येऊ देत. अर्धा इंच म्हणजे काय चीज असते ते तुला नाही कळायचं.

हं, आलं — वरची पट्टी आली. तुमच्याच घराचं पान. एका घराला एक पान ही माझी पद्धत, वर कर्ता माणूस, खाली मुलं. म्हणजे तुझ्याआधी तुझे वडील उतरणार. नेहमी तेच उतरतात. खरं सांगू? शोधायला जातो दुसऱ्याच कुणाचं माप आणि बोट आपसूक याच पानावर पडतं. घड्याळजी! काय माणूस होता — समोर त्या गाळ्यात, आता फोनच्या काचा बदलतात तिथं, डोळ्याला भिंग लावून बसायचा. चाळीस वर्षं छळला मी त्याला. एकदा त्याच्या दुकानातली झाडून सगळी घड्याळं तासभर पुढं केली. गडी अकरालाच घरी जेवायला हजर! तुझ्या आईनं लाटणं घेऊन —

काय? तारखा? कसल्या तारखा... मापाच्या. दर महिन्याला माप कशाला? अरे, तू वाचतोयस होय, मला वाटलं चष्मा घरी राहिला. बरं, सांगतो, हसशील. गंमत होती रे. त्याच्या तीन पँटी, तिन्ही मी शिवलेल्या, इस्त्रीलाही माझ्याकडेच. एकदा मनात आलं, गड्याला जाड करावं. मागची शिवण उसवली, अर्धा इंच आत घेतली, इस्त्री मारून पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून आला, पोट आत ओढलेलं, तोंड लाल. ‘शिंप्या, मी सुटलोय का रे?’ मी गंभीर. टेप लावला, च् च् केलं, म्हटलं, ‘बसून काम, होतं असं.’ साखर सोडली पठ्ठ्यानं! पुढच्या महिन्यात आणखी अर्धा. रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी चालायला जायला लागला. मी वहीत मांडत होतो, तारीख घालून, की वर्षअखेर हे पान त्याच्या नाकासमोर धरायचं आणि — कुणाला सांगितलं नव्हतं. एकट्याची गंमत.

मग तिसऱ्या महिन्यापासून तक्रारच बंद. मी आत घेतोय, पँट बसतेय. आणखी घेतोय, तरी बसतेय. मला वाटलं, इरेला पेटलाय, मला हरवतोय. मग मीही पेटलो. दिसतंय ना — ३६, ३५॥, ३५, ३४॥ — येतंय खालचं, येतंय — ३२. आठ महिने. आठ वेळा. तुझी आई यायची इथं, म्हणायची, ‘भावजी, हे वाळत चाललेत हो.’ आणि तो मागून म्हणायचा, ‘काही वाळत नाही, पँट बघ, तीच आहे, तशीच बसते.’ मी काय बोलणार? माझ्या तोंडात टाचण्या होत्या. शिंप्याला ते बरं असतं. गालफडं बसलेली दिसत होती रे, मान वाळलेली दिसत होती — पण माणूस आरशापेक्षा कपड्यावर विश्वास ठेवतो. आणि कपड्यावर माझा हात.

डॉक्टर काय म्हणाला तू ऐकलंस, तू होतास तिथं. ‘सहा महिने आधी यायला हवं होतं.’ सहा महिने आधी म्हणजे ३५. ती बघ, ती ओळ.

हे मी सांगणार नव्हतो. ह्या चाकानं सांगायला लावलं, लवकर उघडलं असतं तर गप्प बसलो असतो. वाळवीनं दोन वह्या खाल्ल्या, नेमकी ही ठेवली. मग मीच जाळली, मागच्या अंगणात, राख होईस्तोवर उभा राहिलो. तोवर सूनबाईनं पान वर चढवलं होतं. तिथून पुसताही येतं म्हणे, तिनं शिकवलंय मला. बोट नेतो आणि माघारी आणतो. आणि रोज हे उघडत नाही, उघडत नाही, मला वाटतं आज सुटलो — आणि उघडतं.

थांब, सरकलं. हा तू. मागच्या वर्षीचा कोट-पँट, ऑफिसच्या समारंभाचा. छाती... खांदा... कंबर ३५॥. दोन रेघा, ठळक. मघाशी टेप लावला तेव्हा किती होती, तुला सांगितलं नाही मी. ३३. पळतोस सकाळी? ऐकलं मी, आल्या आल्या सांगितलंस. तो चालायचा.

नाही. मी आत घेणार नाही. दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, पट्टा आवळायचा नाही. सैलच घाल. घसरू दे, हातानं धरून चाल, बायकोला दिसू दे, ऑफिसात हसू देत. असेल पळण्यानंच, देव करो आणि तसंच असो, मग ये, फुकट आत घेऊन देईन, तीन पँटी घेऊन ये. असा बघतोस काय? शिव्या द्यायच्यात त्या नंतर दे, मी कुठं जात नाही. ऊठ. पँट घे. कोपऱ्यावरचा दवाखाना सहालाच बंद होतो.