तीन थापा

...नाई ताई, हे मी सांगायचं नव्हतं. बाबानं सकाळीच बजावलं होतं — सर्वेवाली बाई येईल, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, रेडिओ आहे का, हे सांगजो, बाकी काई नाई. पण तुमच्या कागदावर सवालच असा आहे. 'मागच्या वर्षात गावात दाखवलेला कोणता सिनेमा पाहिला? लोकांना कसा वाटला?' दुसऱ्या घरी कोणी काई बोललं नसेल ना? वामनरावांनी विहिरीकडे बोट दाखवलं असेल, पाण्याचं लिहून घ्या म्हणून. — हो ना? मले माहीतच होतं. बसा तुम्ही, त्या खाटेवर बसा. मी जाळं सांधते, हात गुंतलेले असले की मले बोलता येते. तशी मी बोलत नाई कोणाशी. शाळेत बाई म्हणतात, रोशनीचा आवाज फक्त वहीत ऐकू येतो. तुम्ही परक्या आहात म्हणून असेल. उद्या नागपूरले जाल, मंग झालं.

सिनेमा एकच. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते ना, तिच्या दुसऱ्या दिवशी, समाजमंदिरात, भर दुपारी — संध्याकाळी लाइन जाते ना, म्हणून. केवळरामभाऊ ऊर्जानगरले ठेकेदाराकडे कामाले असतात, त्यांनी सीडीचं मशीन आणलं, खिडक्यांवर ब्लँकेटं बांधली. नाव काय लिहाल? नाव नव्हतंच. डब्यावर पेनानं 'फाइट' लिहून होतं, तेच लिहा. बाजारात बर्फ फोडणारा एक माणूस असतो, त्याची बायको आंधळी असते, अन् तो जाळीच्या पिंजऱ्यात लढायले जातो — बुक्क्याही मारायच्या, लाथाही, कुस्तीही, सगळं एकातच. भाषा कोणती, कोणालेच मालूम नाई. कोणी चिनी म्हणे, कोणी जपानी. खाली इंग्रजी अक्षरं यायची अन् वाचेपर्यंत पळून जायची.

कसा वाटला? बायांले नाई आवडला, लिहा. सुकरीबाई म्हणे, 'हे काय वो, दोन वळू सोडल्यासारखे! एका गान्याचा पत्ता नाई.' माझी माय त्या आंधळ्या बायकोसाठीच रडली, लढाई आली की पडद्याकडे पाठ करून बसायची. वामनराव म्हणे, रगत नाई ते, कुंकवाचं पानी हाय. नानाजी म्हणे, 'आमच्या वक्ती कुस्तीच्या दंगलीत चीत झाला का झाला, इथी तं चीत झाल्यावरच सुरू होऊन राह्यलं!' सगळे हसले. अन् पोरं — पापणी नाई हलवली त्यांनी. माझा मोठा भाऊ देवानंद होता पुढं, अन् त्याच्या खांद्याले खांदा लावून मिथुन. मिथुन म्हणजे कुंताकाकूचा, ते बाजूचं घर, ज्याच्या दारात टोपली पालथी पडली आहे, ते. काकूले तो एकटाच होता. हे दोघं एकाच डोंग्यातले, एकाच नावेतले, लहानपणापासून. एकाले काटा रुतला तर दुसरा लंगडायचा, असं माय म्हणते — म्हणायची.

तं एक गोष्ट कोणालेच समजली नाई. लढता लढता एक जण दुसऱ्याचा गळा नाई तर हात धरून पिळायचा, अन् खालचा माणूस जमिनीवर तळहात मारायचा — थप थप थप — अन् नेमकी तिथंच सीडी अडकायची! चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, केवळरामभाऊ बटन दाबायचे, की एकदम पुढं, एक जण उभा अन् त्याचा हात वर. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा चित्र नाई अडकलं, पण तेव्हा तो दुष्ट माणूस होता वर, खालच्यानं थापा मारल्या तरी त्यानं पिळतच नेलं, हात मोडेपर्यंत. मंग वाद सुरू झाला ना. काऊन मारते थापा? कोणी म्हणे दुखते म्हणून. कोणी म्हणे देवाले बोलावते. केवळरामभाऊ म्हणाले, मले नका विचारू, मी मशीन आनली हाय, दिमाग नाई. मंग सगळ्यांनी माझ्या बाबाकडे पाहिलं.

तुम्ही पाहिलं नसेल, ताई, आमची मासेमारी. तलावात मोठं जाळं टाकलं की दोन्ही काठांवरून माणसं दोर ओढतात, अन् मधात डोंग्यात एक जाणता बसतो. आमच्या गावात तो माझा बाबा, लटारू. वाऱ्यानं तिथलं ओरडणं काठावर येत नाई, म्हणून तो डोंग्याच्या लाकडावर थापा मारतो. तीन-तीन. थप थप थप. म्हणजे, ओढा. थाप चालू आहे तवर ओढायचं. थाप थांबली की दोर सोडायचा. आम्ही ढिवर लोक, आमच्या पाळण्यातल्या लेकरालेही हे कळते. तं बाबा उठले, धोतर झटकलं अन् म्हणाले, 'अरे, तो वरच्याले सांगून राह्यला — ओढ! अजून ओढ म्हंते! मरद गडी हाय, दबला तरी ओढच म्हंते!' सगळं समाजमंदिर हललं. हे मात्र सगळ्यांले पटलं. टाळ्या वाजल्या. ते लिहा तुमच्या रकान्यात — लोकांना हा भाग सगळ्यात जास्त आवडला.

...मी? माझं काय मत असणार. मी मागं बायांत बसली होती. मी मत नाई देत.

नाई, वाचलं होतं मी. थोडंसं. म्हणजे असं — मी दहावीत, गावात माझ्याएवढं इंग्रजी कोणाले येत नाई, मलेही किती येते? तिसऱ्यांदा थापा मारल्या तेव्हा पिंजऱ्याबाहेरून एक म्हातारा ओरडतो, अन् खाली अक्षरं आली. पहिलं वाक्य 'ही टॅप्ड.' आता टॅप म्हणजे आमच्या पुस्तकात नळ. पाण्याचा. मी विचार करत राहिली, त्यानं नळ केला म्हणजे काय केलं? पण दुसरं वाक्य सोपं होतं. 'लेट हिम गो.' ते आमच्या धड्यात आहे, राजा कैद्याले सोडतो त्या धड्यात. त्याले सोड. हरला तो, सोड त्याले. — मी मायच्या कानात म्हटलं, 'माय, ओढ नाई, सोड म्हणते ते.' माय म्हणाली, 'चूप, बाबा बोलून राह्यला.' अन् बाबा इतके खूश होते, ताई. कोणी त्यांले कधी सिनेमातलं काई विचारलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी भर सभेत कोण उठणार होतं? मी तर नाई.

मंग महिनाभर पोरं तेच. दोर ओढताना थप थप थप, शाळेत बाकावर थप थप थप, जेवताना कोणी वाढत असलं तरी ताटाजवळ थप थप थप — अजून वाढ! हसायले यायचं. मी पण हसली. मंग पुसाच्या महिन्यात तलावाचं पाणी मागं हटलं, काठचा गाळ वाळून पीठ झाला, अन् त्यांनी चार बांबू रोवून त्याले जुनं जाळं गुंडाळलं. पिंजरा. हे जे मी सांधते ना, हे नाई, त्याच्यासोबतचं. ते जाळून टाकलं.

मिथुन झाडावरून पडला. — असं सांगायचं आहे. मधाचं पोळं काढायले चढला अन् पडला, मान मोडली. ठाण्यात असंच लिहून आहे, कुंताकाकूनंच सांगितलं तसं, स्वतःच्या तोंडानं. म्हणाली, माहा एक गेला, आता लटारूचाही काऊन नेता? तुम्ही पेन खाली ठेवलं. ठेवा. हे लिहू नका.

गावातली गोष्ट गावात, असं ठरलं होतं — मले वाटलं होतं सिनेमाचंच सांगेन. देवानंदनं मागून गळ्यात हात घातला होता, जसा त्या सिनेमात. भांडण नव्हतं हो त्यांचं! आधी दोघं हसत होते. जिंकला त्याले डोंग्यात पुढं बसायले मिळणार, एवढंच. मिथुननं देवानंदच्या हातावर थापा मारल्या. तीन. अन् जाळीबाहेर सगळे ओरडले — 'ओढ म्हंते! मिथुन ओढ म्हंते!' देवानंदनं ओढलं. मंग पुन्हा तीन. मंग तीन-तीन नाई, नुसत्याच, जोरजोरात, अन् लोकांनी त्याच तालावर टाळ्या धरल्या. बाबा पण होते. मिथुनचे पाय गाळात रेघा काढत होते, मले बांधावरून दिसत होत्या त्या रेघा. देवानंद त्याच्या मागं होता, त्याले तोंड नाई दिसलं. मले दिसलं. अन् थाप थांबली. तेव्हा देवानंदनं सोडलं, लगेच सोडलं — आमच्यात तसंच असते ना, थाप थांबली की सोडायचं. त्याचं काय चुकलं?

आता तो तलावावर जातो, पण बाबानं डोंग्यातून थाप मारली की दोर टाकून खाली बसतो. म्हणून बाबा आता थाप मारत नाईत. लाल फडकं हलवतात. मासोळी कमी येते, दोर एका वेळी ओढला जात नाई, पण कोणी काई म्हणत नाई. अन् एक दिवस, मी चुलीजवळ होती, बाबा मागं येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते काय माहीत. म्हणाले, 'बाई, त्या सिनेमात खाली काई लिहून होतं ना? काय होतं वो?' — मी म्हटलं, 'वाचता नाई आलं, बाबा. लवकर जात होतं.' त्यांनी किती मोठा श्वास सोडला, ताई. माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाईत.

अन् कुंताकाकू रोज येते. याच वेळी, उन्हं उतरली की. मले म्हणते, 'तू बांधावर होती ना वो रोशनी? सांग ना, किती थापा मारल्या माह्या लेकानं?' मी म्हणते, लय मारल्या काकू. 'शेवटवरी?' शेवटपर्यंत. मंग ती पदरानं तोंड पुसते अन् म्हणते, 'बापावर गेला. मरतवरी ओढच म्हंत राह्यला, हार नाई मानली.' तेवढ्यावर ती भाकर खाते, ताई. ज्या दिवशी मी शाळेतून उशिरा येते, त्या दिवशी खात नाई. आता तुम्हीच सांगा, मी तिले तो धडा कसा वाचून दाखवू?

नाई, पाणी नको मले. तुम्ही त्या रकान्यात 'बरा' लिहा. तीन रकाने आहेत ना, आवडला, बरा, नाही आवडला — 'बरा'वर खूण करा. अन् माझं नाव नका टाकू. एकच आहे, हे मी कोणालेच नाई सांगितलं, मायलेही नाई — मी जवळच होती. बांधावर नाई, बांध उतरून खाली आली होती, जाळीले माझा हात लागला होता. त्यानं मले पाहिलं. मिथुननं. शेवटच्या थापा तो देवानंदच्या हातावर नाई, माझ्याकडे बघत जाळीवर मारत होता, माझ्या हातावर लागत होत्या त्या. मले माहीत होतं तो काय म्हणतो आहे. साऱ्या गावात मले एकटीलेच माहीत होतं. टाळ्या चालू होत्या, अन् माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, ताई, एवढासा शब्द, दोन अक्षरांचा, मी तोंड उघडलं, अन् म्हणायले गेली, सो—

हो काकू! आली. आली वो, तिथंच बस, आली.