परवानगीचा चौकोन

नाही हो शिवकुमार, लॅपटॉप बिघडलेला नाहीये, तेच मघापासून सांगतोय — चालू होतो, बंद होतो, सगळं करतो, फक्त विचारायचं सोडत नाही. रोज संध्याकाळी सातला पुण्याहून आमच्या सुखदाचा कॉल आला की तो चौकोन वर येतो — कॅमेरा वापरू का? म्हणजे विचारतो इंग्लिशमध्ये, पण अर्थ तोच. खाली तीन बटणं. पहिल्या दोन्हींत अलाव आहे, तिसऱ्यात नेव्हर. मी तिसरं दाबतो. आता नेव्हर म्हणजे कधीच नाही, एवढं इंग्लिश चिकपेटात पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवून मला आलेलं आहे. तरी दुसऱ्या दिवशी सातला हा हजर, काल काही झालंच नाही असं तोंड करून. माणूस असता तर इतक्यांदा नाही ऐकून लाजला असता. तुम्ही एवढंच करा — पोरीचा आवाज यावा, माझा आवाज जावा, चित्र जाऊ नये, आणि मला परत विचारू नये. होईल ना? साडेपाच झालेत. सातच्या आत घरी पोचायचंय. इथं चामराजपेटातच घर आहे, चालत दहा मिनिटं.

पहिले पंधरा दिवस मी नेव्हर दाबतच नव्हतो, खरं सांगतो. कोपऱ्यात ती फुली असते ना, ती दाबायचो. एकदम तोंडावर नाही म्हणायची सवय नाही हो — शिंपी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही, गुरुवारी या म्हणतो. गुरुवारी ती बाई आली की शनिवारी या. माझं नवीन लग्न झालं तेव्हा या भागात घराघरावर खडूनं लिहिलेलं असायचं, आठवतं का — नाळे बा, उद्या ये. चेटकीण दारात येते, वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचते. आमच्या हेमलतानं हौसेनं मराठीत लिहिलं होतं, तर शेजारच्या अक्का धावत आल्या — चेटकिणीला मराठी कुठून येणार, सरळ घरात शिरेल की. मग पुसून कन्नडमध्ये लिहिलं. हसताय काय, खरं आहे. तर तसं मी या चौकोनाला रोज उद्या ये म्हणत होतो. मग एक दिवस मन घट्ट केलं आणि नेव्हर दाबलं. आणि तरी येतो म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

काय? — हो, ते चिकटवलेलं दिसतंय ते बकरमच आहे, ब्लाऊजच्या गळ्याला आतून घालतो ते कडक कापड. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसेल एवढा तुकडा कापून डिंकानं लावलाय मी, म्हटलं चुकून बोट भलतीकडे पडलं तरी चित्र जायला नको. पण तेही राहत नाही धड. सकाळी सरळ लावून दुकानात जावं, संध्याकाळी येऊन बघावं तर अर्धा दोरा तिरका. तुम्हाला दिसणार नाही, मला दिसतं, माझं आयुष्य गेलंय सरळ रेघ बघण्यात. लॅपटॉप तापत असेल म्हणून डिंक सुटत असेल, दुसरं काय. घरी त्याला हात लावणारं कोण आहे?

बायको आहे. आहे ना, घरीच आहे, पण ती — स्वल्प थांबा, मागे कोणी आलं का? नाही ना. तुम्ही निपाणीचे, मराठीत बोलता, म्हणून सांगतोय, कन्नडमध्ये मला हे कोणाला सांगता आलेलं नाही. हेमलताला लकवा मारलाय. सव्वादोन महिने झाले. सकाळी तुळशीला पाणी घालताना पडली ती पडलीच, हातातला मोबाईलही फुटला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते तेही धरून, आणि तोंड — तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. बोलते ते कळत नाही. मला कळतं थोडं थोडं. डॉक्टर म्हणाले सुधारेल, वेळ लागेल. दिवसा एक कावेरी अक्का ठेवलीय, अकरा ते पाच, भली बाई आहे. आणि तिकडे पोरगी सातव्या महिन्यात. आधीची दोन राहिली नाहीत, शिवकुमार. दोन्हीदा पाचव्यातच गेलं. यावेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय — पलंगावरून उतरायचं नाही, प्रवासाचं नाव काढायचं नाही, मनाला धक्का बसता कामा नये. आता तिनं आईचं तोंड असं बघितलं तर ती पुण्यात थांबेल? विमानानं दीड तास. निघेल आणि येईल, तिला धरून ठेवणारा अजून जन्माला आलेला नाही. जावयाला सांगावं तर मल्हारच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून मी ठरवलं, बाळ होईपर्यंत कळू द्यायचं नाही. मीच ठरवलं. हेमलताला विचारलं का? — तिला काय विचारायचं, ती आई आहे, तिला नको का नातवंड?

मग काय, खोटं बोललो. आई देवनहळ्ळीला मावशीकडे गेलीय, मावशीचे गुडघे बदललेत, दोन-तीन महिने राहील, आणि तिथं फोनला रेंज नाही. एअरपोर्टच्या शेजारी रेंज नाही असं मी बोलून गेलो, बघा. जीभ चावली. पण पोरगी म्हणाली, बरं बाबा. एवढंच. एरवी वकिलासारखी उलटतपासणी घेणारी, पण पोटुशी बाई, तिचं ध्यान कुठे असणार. कॅमेऱ्याचं मात्र रोज विचारते — बाबा, आज तरी लावताय का? मी म्हणतो बिघडलाय. ती म्हणते, बरं, लावावासा वाटला की लावा. आणि माझीच काळजी करत बसते तिथून. मागच्या आठवड्यात कुरियरनं एक रबरी बॉल पाठवला — बाबा, कात्री धरून बोटं आखडत असतील, हा दाबत जा रोज. माझी बोटं चांगली आहेत. मी तो हेमलताला दिला, ती दाबते डाव्या हातानं उजव्यात धरून. तिच्याच उपयोगी पडला.

कॉलच्या वेळी ती कुठे असते? — तिथंच. आतल्या खोलीत ठेवलं होतं पहिल्या दिवशी, तर ती भिंतीला धरून उठायला लागली. म्हणून खुर्ची आणून माझ्या मागे बसवतो, पोरीचा आवाज तरी ऐकू दे. आधी बजावतो, आवाज करायचा नाही. ती मान हलवते. तो चौकोन वर आला की दोघं बघतो त्याच्याकडे. एकदा तिनं डावा हात पुढे केला, बटणाकडे. मी धरला. सोडेना, तेव्हा जरा — जरा जोरात धरला, आणि खाली मांडीवर दाबून ठेवला. म्हणून तुम्हाला म्हणतोय, मला विचारू नये त्यानं. रोज तिच्या देखत तिच्या लेकीला नाही म्हणायचं, हे माझ्यानं आता होत नाही. एकदाच काय ते तुम्ही आत करून टाका, माझं बोट त्यात नको.

आणि एक — जाऊ दे. नाही, सांगतोच, आता एवढं सांगितलंय. सोमवारी सुखदा बोलता बोलता रडली. पोटात बाळ फिरत होतं, घाबरली असेल. आणि मागून ही बोलली. तिला सुखू म्हणायचं होतं. झालं भलतंच, लांबच लांब, कळवळल्यासारखं. मी वळलो आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, कधी बोट लावलं नाही हो तिला, आणि तोंड दाबलं. ओठाचा वाकडा कोपरा माझ्या तळहाताला लागत होता, ओला. आणि दुसऱ्या हातानं माईक सावरत मी पोरीला सांगतोय — काही नाही गं, कुकर आहे. तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, किती शिट्ट्या करायच्यात, बाबा? मी म्हटलं तीन. म्हणाली, झाल्या की बंद करा, सावकाश, घाई करू नका. मी हात काढला तेव्हा हेमलता माझ्याकडे बघत होती. रागानं असती तर बरं झालं असतं. मला रागानं बघणंच कळलं असतं.

सरी, बरं, झालं तुमचं? आज हा इकडे आणायला निघालो तर पिशवीचा पट्टा सोडेना ती. दाराशी ओढाताण. मी म्हटलं विकायला नाही नेत, दुरुस्त करून आणतो. कावेरी अक्काही मध्ये पडली — आज मी परतेपर्यंत थांबायला सांगितलंय तिला — अण्णा, उद्या न्या ना, आज कशाला. बायकांना एखाद्या वस्तूचा लळा लागतो. काय दाखवताय? मला चष्मा लावू द्या. हं. हे कॅमेऱ्याचं पान. ही काय यादी — कॅमेरा कधी कधी वापरला त्याची? बरोबर, वापरलेलाच नाही, मी सांगितलं ना, रोज नेव्हर — कुठे? हे? आज, दोन वाजून चाळीस मिनिटं. काहीतरी चुकतंय तुमचं, आज दोन चाळीसला मी दुकानात बाही जोडत होतो. काल — दोन पस्तीस. परवा पावणेतीन. रविवारी नाही, रविवारी मी घरी असतो. शनिवारी आहे. शुक्रवारी आहे. हे हॅकरचं काम असेल हो, पेपरात येतं ना, कॅमेऱ्यातून बघतात म्हणून, तुम्ही बघा जरा नीट. हॅकर रविवारी सुट्टी घेत नाही, तेही खरं. आणि माझं नेव्हर? — रोज कोणीतरी काढून टाकतं. हातानं. आणि नंतर या वेळेपुरतं अलाव दाबतं. म्हणून परत विचारतो तो. बरं.

घरी दोघीच असतात त्या वेळेला. ही आणि कावेरी अक्का.

ही बँकेत होती, तुम्हाला सांगितलं का? एकोणतीस वर्षं काउंटरवर. घरात कॉम्प्युटर कळायचा तो तिलाच, मला फक्त कॉल उचलायला शिकवलाय तिनं. डाव्या हातानं करत असेल. अक्का बकरम काढत असेल, आणि परत लावताना तिला सरळ लावता येत नसेल, तिला कुठून येणार. म्हणजे सुखदानं आईला बघितलंय. रोज बघते. बघूनही आली नाही, पडून राहिली, पोटातलं सांभाळलं तिनं, धक्क्याबिक्क्यानं काही झालं नाही तिला — मग सात वाजता ती मला काय विचारत होती? आज तरी लावताय का, म्हणून. बॉल माझ्यासाठी नव्हता तो. आणि हेमलता, रोज दुपारी लेकीशी पोटभर बोलून संध्याकाळी माझ्यामागे येऊन बसायची, मी आवाज करू नको म्हटलं की मान हलवायची. सोमवारी मी हात ठेवला तोंडावर. तिला तो झटकता आला असता, डावा हात चांगला आहे तिचा. तिनं ठेवू दिला. मला सांभाळत होत्या हो दोघी, मी एकटाच काहीतरी पेलतोय असं मला वाटू देत होत्या, आणि मी माझ्या बायकोचं तोंड दाबलं.

आता मी घरी जाऊन कसा बसू तिच्यासमोर, सांगा. कळलं म्हणू? का कळलं नाही असंच राहू? कळलं म्हटलं तर सोमवारचंही बोलावं लागेल, आणि ते पोरीनं तिकडून ऐकलंय.

नको, काही दाबू नका. आहे तसंच राहू दे, हात लावू नका त्याला. सहा वीस झाले. पिशवी इकडे द्या. पैसे घ्या ना — काम झालं नाही म्हणून काय झालं, तासभर बसलात. बरं, राहिलं. त्या बाई कधीच्या उभ्या आहेत फोन घेऊन, त्यांचं बघा तुम्ही.