अध्यक्षांचं बटण

...नाही, पण मला एक सांगा, माइकवर टिचक्या मारून आजवर कुणाचं काय भलं झालंय? टक टक टक. म्हणे चालू आहे का बघतो. अहो, समोर दीडशे माणसं कानांवर हात ठेवून बसलीत, म्हणजे चालूच असणार ना? टिचक्या मारून झाल्या की फुंकर. फूऽ, फूऽ. जशी काही आत चूल पेटवायचीय. आणि पेटतंच हो आत. तुम्हाला सांगतो, स्पीकरच्या पोटात केसाएवढ्या तारेचं एक वेटोळं असतं, कॉइल म्हणतात, ते तापतं, काळं पडतं आणि मग एक वास येतो. एका वर्षात तो वास मी तीनदा घेतलाय. आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी मान वळवून बघितलं कुणाकडे? टिचक्या मारणाऱ्याकडे? फुंकणाऱ्याकडे? छे. माझ्याकडे. अहो, स्पीकर आपोआप उडत नाही, उडवावा लागतो. पण ऐकतो कोण?

मी त्या छोट्या सभागृहाचा आवाजवाला. बावीस वर्षं. दीडशे खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या, दोन पलंग जोडून ठेवावेत एवढं व्यासपीठ आणि दोन्ही अंगांना एकेक स्पीकरची पेटी. गाणारे येतात, बोलणारे येतात, कविता वाचणारे तर बोलवावेही लागत नाहीत. आणि सगळ्यांची मागणी एकच. आवाज वाढवा. माझं बारशाचं नाव कुणाला माहीत नाही, ‘ओ, वाढवा’ हेच माझं नाव. आता वाढवायला माझं काय जातं? पण ॲम्प्लिफायरला त्याची एक ताकद असते की नाही? ती संपली की लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे तो हात जोडून सांगतोय, बाबा, आता माझ्याच्याने होत नाही. तरी तुम्ही वाढवलंत की तो आवाजाची डोकी छाटून सपाट करतो, ते सपाट छाटलेलं जातं स्पीकरात आणि वरचा तो छोटा, नाजूक ट्वीटर असतो ना, तो पहिला मरतो. गरीब बिचारा. घरातही असंच असतं म्हणा, ओरडतो एक आणि आजारी पडतो दुसराच.

पहिला उडाला आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींमुळे. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. वहिनी वाईट गातात असं मी म्हणणार नाही. त्या गातात असंही मी म्हणणार नाही. माइक त्या असा धरतात की पुढच्या ओळीला गिळतात की काय. आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत डाव्या पेटीच्या नाकासमोर बसलेले. त्यांचा डावा कान ते नोकरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी गेला आणि उजव्याला फक्त स्तुती ऐकू येते. त्यांनी बोट गोल गोल फिरवलं. वाढवा. मी लाल दिव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे. वाढवला. वहिनी वरच्या सुराला गेल्या आणि तिथेच राहिल्या, ट्वीटर मात्र खाली आला. दुसरा उडाला एका कवीमुळे. सगळं चालू असताना ह्याने माइकची वायर खस्सकन उपटली, धडाऽम, मोठ्या स्पीकरचा कागद उभा फाटला, आतली कॉइल जळली ती वेगळीच. कवी म्हणतो, ‘वा, काय परिणाम साधला!’ आणि तिसऱ्या वेळी तर अध्यक्ष स्वतःच उठून माझ्या टेबलाशी आले, ‘सरका, तुम्हाला भीती वाटते’ असं म्हणाले आणि बटण पिळलं. टोकापर्यंत. मुंबईकर असो, गावकरी असो, खुर्चीवरच्या माणसाला सरका म्हणता येत नाही हो, आपणच सरकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी चिटणीस आले. हा माणूस इतका हळू बोलतो की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. म्हणाले, ‘हे बघा, हा तिसरा. चौथा उडाला तर तुम्हीही उडालात असं समजा.’ म्हटलं, साहेब, स्पीकर आपोआप उडत नाही, उडवावा लागतो. तर म्हणाले, ‘तेच म्हणतोय मी.’ आता वय माझं अठ्ठावन्न. दुसरं काही येत नाही. दोन कान आणि दोन बोटं, एवढीच काय ती विद्या. घरी सांगितलं, तर बायको भाकरी थापता थापता... नाही, थापत नव्हती, कपड्यांच्या घड्या घालत होती, खोटं कशाला बोलू. म्हणाली, ‘घरात तुमचं कुणी ऐकत नाही म्हणून तिथे जात होतात ना? मग आता कुठे जाल?’ झोप उडाली हो माझी. आणि झोप उडाली की माणसाला अक्कल येते.

काय केलं, सांगतो. एक जुना मेलेला ॲम्प्लिफायर होता, त्याचा पत्र्याचा डबा घेतला. आतलं सगळं काढून टाकलं. वर एक मोठं, चकचकीत, फिरवायचं बटण बसवलं, शून्य ते दहा आकडे रंगवले आणि बॅटरीवरचा एक हिरवा दिवा लावला, अध्यक्षांना बरं वाटावं म्हणून. मागून एक जाड वायर काढली, ती सतरंजीखालून नेली आणि व्यासपीठाच्या पायरीशी तिला गाठ मारून सोडून दिली. कशालाही जोडलेली नाही. कशालाच नाही. डबा बसवला अध्यक्षांच्या खुर्चीच्या हातावर आणि वाकून म्हटलं, साहेब, आजपासून मुख्य नियंत्रण आपल्या हाती.

आणि खरी वस्तू कपाटात. लिमिटर नावाची एक चपटी पेटी असते, दारावरच्या पहारेकऱ्यासारखी. बाहेर कुणी कितीही बोंबललं तरी मापाबाहेरचा आवाज ती आत सोडत नाही. ती जोडली, चार दिवस बसून माप बांधलं, माइकवरच्या टिचक्या-फुंकरींची घूं घूं कापून टाकली, चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी आणि बंद करताना पहिला, हे भिंतीवर लिहिलं. कपाटाला कुलूप लावलं आणि वर पाटी: चालू वस्तूला हात लावू नये.

पहिल्याच दिवशी वहिनी उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी बटण चारवरून सातवर नेलं. डोळे मिटले. म्हणाले, ‘आता कसं!’ मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, थोडं जास्त होतंय. ह्यांनी साडेसहा केलं. ‘आता?’ ‘आता झकास!’ तुम्हाला सांगतो, मी रुमाल तोंडात कोंबला. इकडे तारेला गाठ आणि तिकडे दीडशे माणसांना झकास. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, ‘मलाही एक बसवून द्या तसलं. तुमच्यासाठी.’

तीन वर्षं. तीन वर्षांत ट्वीटरला ताप आला नाही. आणि अध्यक्षांचं काय झालं विचारा. कलाकार झाले. बटणाला हात लावण्याआधी बोटं चोळायचे. साडेसहा आणि पावणेसात यांत काय फरक आहे यावर अर्धा तास बोलायचे. दुसऱ्या सभागृहांची माणसं त्यांची बोटं बघायला यायची हो, आणि मी त्यांना पाणी द्यायचो. ‘बोटांत असावं लागतं,’ अध्यक्ष म्हणायचे, ‘शिकवून येत नाही.’ मी मान डोलवायचो. म्हटलं, मिरवू द्या, स्पीकर वाचतोय ना? आपली नोकरी वाचतेय ना? इथेच चुकलो.

वार्षिक सभा. चिटणीस उठले. म्हणाले, ‘सांगायला आनंद वाटतो की तीन वर्षांत आपला एकही स्पीकर उडाला नाही.’ टाळ्या. मी कॉलर सारखी केली आणि खुर्चीतून अर्धा उठलो. ‘याचं सगळं श्रेय आपल्या अध्यक्षांच्या बोटांना.’ पुन्हा टाळ्या. आता अर्धा उठलेल्या माणसाने काय करावं? मीही वाजवल्या. ‘आणि नियंत्रण अध्यक्ष स्वतःच सांभाळत असल्यामुळे वेगळा माणूस ठेवायची आता गरज उरलेली नाही.’ इतक्या हळू म्हणाले की शेजारच्याने माझं अभिनंदन केलं. स्पीकर उडाला नाही. मी उडालो.

गेलो सकाळी. लाजलज्जा गुंडाळून चिटणिसांना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तो डबा रिकामा आहे. ते म्हणाले, ‘आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय.’ म्हटलं, उघडून दाखवतो. त्यांनी माझ्याच पाटीकडे बोट दाखवलं. चालू वस्तूला हात लावू नये. मग मी काय केलं, सतरंजी उचलली आणि वायरचं टोक काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. ही बघा. कशालाही जोडलेली नाही. चिटणिसांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, ‘उंदरांनी तोडली वाटतं. एवढंही लक्ष नाही तुमचं?’ आणि मग चष्मा काढून, गहिवरून म्हणाले, ‘वायर तुटलेली असतानाही साहेबांनी सांभाळलं हो!’

पण कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे होती. सभागृहात कुणी नव्हतं. कपाट उघडलं. लिमिटरची एक वायर काढून दुसरीकडे लावायची, दोन मिनिटांचं काम, आणि मग रविवारी वहिनी, अध्यक्षांची बोटं आणि तो वास. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असती. हात लावला वायरला. तुम्हाला सांगतो, निघेना. वायर घट्ट नव्हती, माझाच हात निघेना. बावीस वर्षं ज्याला जपलं त्याला आपल्या हाताने जाळायचं? रडू आलं मला, खोटं नाही सांगत. उलट, निघालोच आहोत तर म्हणून लिमिटरचं माप आणखी जरा आवळलं, धूळ पुसली, कुलूप लावलं आणि किल्ली चिटणिसांना दिली. म्हणजे मी गेल्यावरही तो कधी उडू नये, याचीही सोय मीच केली. असा शहाणा तुम्ही कुठे बघितलाय?

निरोप समारंभ केला. केला हो, तसे मनाने चांगले आहेत. आठवण म्हणून काय दिलं? तो कवीने फाडलेला स्पीकर. लाकडाच्या फळीवर बसवून, पॉलिश करून, खाली पितळेची पट्टी: ‘बावीस वर्षांच्या सेवेबद्दल.’ वहिनी गायल्या. मग म्हणाले, दोन शब्द बोला.

मी ठरवूनच गेलो होतो. सगळ्यांसमोर सांगणार होतो, डबा, गाठ, लिमिटर, सगळं. माइकसमोर उभा राहिलो. टिचकी नाही, फुंकर नाही, तोंडापासून बरोबर एक वीत अंतर. म्हटलं, ‘मंडळी, बावीस वर्षं...’ आणि अध्यक्षांनी बोटं चोळली आणि बटण सातवरून तीनवर आणलं. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘आता बरं वाटतंय.’

अहो, ती गाठ मी मारलेली. ह्या हातांनी. त्या डब्यात वारासुद्धा नाही हे जगात एकट्या मला माहीत. आणि तुम्हाला सांगतो... मला माझाच आवाज कमी ऐकू यायला लागला. आणखी एक वाक्य बोललो. आणखी कमी. पुढचं सगळं विसरलो आणि दीडशे माणसांसमोर हात जोडून अध्यक्षांना म्हटलं, ‘साहेब, थोडा वाढवता का?’

त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘नको. स्पीकर उडेल.’